ध्येयाला लावलेलं गेज

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, आमच्या समाजाच्या दोन्ही शाळांचं ध्येय खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, आमच्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात, पाटोडीच्या रश्शाच्या साक्षीने ठरलं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी ऐकून घ्यावं. ज्यांना ठाऊक आहे आणि तरी जे वेगळं सांगत फिरतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. शाळेच्या व्हरांड्यात आज काळ्या दगडाचा फलक आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत चार वाक्यं आहेत आणि खाली समितीच्या सात सन्माननीय सदस्यांची नावं आहेत. त्यात माझ्या आईचं नाव नाही. ते नसणं मला इतकी वर्षं खुपत आलंय. तिला एक दिवसही खुपलं नाही, म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरात बसले होते, आणि घरात बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत असतं. आमचं घर कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. पहिला भोंगा झाला की बाबांची आंघोळ, दुसऱ्याला सायकलींची रांग रस्त्यावर, आणि ती रांग वळणाआड गेली की एकदम अशी शांतता पसरायची की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू यायची. मग थोड्या वेळाने विहाराच्या मागच्या खोलीतून आईच्या बालवाडीचा गलका सुरू व्हायचा. तीसेक मुलं, एक सतरंजी, एक घंटा आणि आई. आई दहावी पास. भंडाऱ्याकडची, सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली, दहावी इथे आल्यावर केलेली, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. ती पुण्यात राहून पुण्याची झाली नाही. शेवटपर्यंत बाहेरच्यांशी बोलताना प्रत्येक वाक्याला एक ‘जी’ लावत राहिली आणि कोथिंबिरीला सांबारच म्हणत राहिली. त्यामुळे मंडईत तिची आणि भाजीवाल्याची नेहमी दोन मिनिटं वेगळीच चर्चा व्हायची.

तिच्या बालवाडीत पुस्तक नव्हतं. प्रत्येक मुलाने सकाळी येताना घरातलं एक वाक्य आणायचं, जसं ऐकलं तसं. ‘आजी म्हणाली, दूध नासलं.’ ‘पप्पा म्हणाले, साहेबाला काही कळत नाही.’ त्या वाक्यांवर दिवसभर सगळं चालायचं. दूध का नासतं, नासलेल्या दुधाचं काय करतात, नासलं हा शब्द कसा दिसतो, दूध नासल्यावर आजीचा चेहरा कसा होतो ते कोण करून दाखवेल. अशा पद्धतीने वस्तीतल्या तीस घरांची सगळी अंडीपिल्ली आईला सकाळी दहाच्या आत कळायची. आणि मी तिची मुलगी असूनही त्यातलं एक अक्षर मला कधी कळलं नाही. मी पुष्कळ प्रयत्न केले. “मुलांनी मले सांगतलं आहे, तुले नाही,” एवढंच ती म्हणायची आणि कणकेवर पाण्याचा हात फिरवायची.

आता शाळांचं सांगते. विदर्भातून कारखान्यात नोकरीला आलेल्या आमच्या बौद्ध कुटुंबांनी वर्गणी काढून खडकीत एक मराठी शाळा सुरू केली होती, चौथीपर्यंत, तिच्या पायथ्याशी आईची बालवाडी. पुढे ज्यांची परिस्थिती सुधारली ती माणसं विश्रांतवाडीकडे प्लॉट घेऊन गेली आणि त्यांनी तिथे एक इंग्रजी शाळा काढली. संस्था एकच, पण तोंडं दोन दिशांना. खडकीवाले म्हणायचे, विश्रांतवाडीला टाय आहे, पण टायच्या वर काही नाही. विश्रांतवाडीवाले म्हणायचे, खडकीची शाळा म्हणजे कारखान्यात भरती करायची रांग. एकदा तर विहारातल्या कार्यक्रमात दोन्हीकडच्या मुलांचे नाच एकाच गाण्यावर बसवलेले निघाले, आणि कोणी आधी नाचायचं यावरून मोठी माणसं अशी भांडली की मुलं बाजूला बसून भेळ खात राहिली. त्यानंतर ठरलं की दोन्ही शाळांचं मिळून एक ध्येय असलं पाहिजे, लेखी, सर्वांना मान्य, आणि त्यावरच पुढे सगळं चालेल. शिक्षक कोण, माध्यम कोणतं, कोणता वर्ग ठेवायचा, कोणता बंद करायचा. सात जणांची समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून बाबांचं नाव आलं, कारण बाबांच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं. हा प्रामाणिकपणा पुढे घरात केवढा महाग पडणार आहे याची कल्पना तेव्हा फक्त आईला असावी.

बाबा कारखान्यात एक्झामिनर होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग तपासायचे आणि पास किंवा रिजेक्ट करायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक पोलादी गेज असायचं, दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं नाही तर भाग रिजेक्ट, दुसरं गेलं तरीही रिजेक्ट. ज्या माणसाने वीस वर्षं रोज हे केलं, त्याच्यापुढे तुम्ही ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ असं वाक्य ठेवलंत तर तो काय करणार? तो गेज शोधणार. पहिल्याच रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत सात जण गुडघ्याला गुडघा लावून बसले असताना बाबांनी जाहीर केलं, “प्रत्येक वाक्याला दोन टोकं लावायची. एक, जे इथे बसलेले नाहीत त्यांना एकदा ऐकून कळलं पाहिजे. दोन, ते वाक्य दुसऱ्या कशाला बसता कामा नये. बँकेला बसलं, व्यायामशाळेला बसलं, तर रिजेक्ट.”

“आणि इथे न बसलेला माणूस आणायचा कुठून?” गजभियेकाकांनी विचारलं. गजभियेकाका विश्रांतवाडीच्या शाळेचे सचिव, सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावर, सफारीच्या खिशात दोन पेनं. मनाने वाईट मुळीच नव्हते, पण बोलताना मधेच थांबून समोरचा लिहून घेतोय का ते बघायचे.

बाबांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

अशा रीतीने आमची आई त्या ध्येयाच्या पहिल्या टोकाचं गेज झाली. ती भाकरी थापत असायची, बाहेरून वाक्य यायचं, आणि सात सुशिक्षित माणसं थाप थाप आवाज थांबायची वाट बघायची.

“विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास साधणे,” गजभियेकाका खणखणीत वाचायचे.

थाप थांबायची. “म्हणजे काय होईल जी पोराचं?”

बाहेरून कोणीतरी, “म्हणजे वहिनी, सगळ्या अंगांनी विकास.”

“व्यायामशाळा,” बाबा म्हणायचे आणि निळ्या पेन्सिलीने काट मारायचे. ‘उज्ज्वल भविष्याची पायाभरणी’ हे वाक्य बँकेला बसतं म्हणून गेलं. ‘ज्ञानाच्या प्रकाशाने अज्ञानाचा अंधार दूर करणे’ या वाक्यावर आईने, “दिवे गेले का जी?” असं विचारलं आणि समितीतले एक गृहस्थ दुखावून अर्धा तास बोलले नाहीत. पाटोडी वाढल्यावर बोलले. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या आणि वर तिखटजाळ रस्सा, ज्याची तर्री बघूनच पुण्यातल्या माणसाला घाम फुटतो. मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगते की समिती सहा रविवार टिकली ती ध्येयासाठी नाही. मी आता कोथरूडला एका सोसायटीत राहते, तिथेही समित्या असतात, आणि त्या दुसऱ्याच बैठकीत मोडतात, कारण तिथे फक्त बिस्किटं असतात.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मार्गदर्शनासाठी बापटबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, कोथरूडहून स्कूटर चालवत आल्या, हेल्मेट मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि तासभर काही बोलल्या नाहीत. शेवटी गजभियेकाकांनी अदबीने विचारलं, “मॅडम, आपलं काय मत?”

“आपण शाळा काढलीत तेव्हा मुलं होती ना?” बापटबाई म्हणाल्या.

“हो, म्हणजे काय.”

“आठवण आहे ना, एवढंच विचारलं. कागदावर अजून एकही आलेलं नाही.”

त्यानंतर त्यांनी पाटोडी खाल्ली, डोळे पुसले, दुसऱ्यांदा मागितली, आणि आईला सांगितलं की हे फार तिखट आहे आणि कृती लिहून द्या. पुढे त्यांची आणि आईची मैत्री झाली, ती वीस वर्षं टिकली, आणि तेवढ्या काळात दोघींनी एकमेकींच्या स्वयंपाकाबद्दल एकही बरा शब्द काढला नाही.

पण त्या दिवसापासून वाक्यं बदलली एवढं खरं. ‘मूल शाळेत यायला रडणार नाही आणि घरी जायला घाई करणार नाही.’ आईने एका दमात पास केलं. ‘चौथी पास मूल घरी आलेलं कोणतंही पत्र मोठ्याने वाचून आईबापाला समजावून सांगेल.’ पास. ‘कोणत्याही मुलाला त्याच्या बोलण्यावरून कोणी हसणार नाही.’ या वाक्याला आईने थापणं थांबवलं नाही, फक्त “हो जी” म्हणाली, आणि त्यातला हो मला जरा जड वाटला. चौथं वाक्य शिक्षकांनी वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाच्या घरी जाण्याचं होतं. तेही पास.

मग सहावा रविवार. बारा वाजून गेले होते, रस्सा उकळत होता, स्टेशनाकडून एका गाडीची शिट्टी आली. गजभियेकाकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. इतके रविवार निळ्या पेन्सिलीची काट खाऊन माणूस शिकला होता. या वेळी एकही जड शब्द नव्हता. त्यांनी वाचलं, “आमच्या दोन्ही शाळांत मूल बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून इंग्रजीत शिकेल, आणि त्याला शिकवणारी प्रत्येक बाई पदवीधर असेल.”

थाप थांबली.

मी दारात बसून कच्च्या कागदावरून पक्क्या कागदावर उतरवत होते. माझं पेन जागेवर राहिलं. खोलीतल्या सातही जणांना ठाऊक होतं की दोन शाळांत मिळून मराठीत चालणारी बालवाडी एकच आहे आणि तिथली बाई दहावी पास आहे. बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आई बाहेर आली नाही. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला, आणि मग तिचा.

“समजलं.”

नुसतं एवढंच. ‘जी’ सुद्धा नाही.

आता दुसरं टोक. हे वाक्य बँकेला बसतं? नाही. व्यायामशाळेला? नाही. ते फक्त शाळेला बसत होतं, आमच्याच. बाबा उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि निळ्या पेन्सिलीने त्या वाक्यापुढे ‘पास’ लिहिलं. मग तो कागद पक्का करायला माझ्याकडे दिला.

समिती जेवून गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. “बाबा, ते वाक्य आईला काढून टाकतंय.”

“मला दिसतंय ते, नंदा.”

“मग पास कसं केलंत?”

“दोन्ही टोकं बरोबर लागली. घरचं माणूस आहे म्हणून माप बदललं, तर आधीची सगळी वाक्यं खोटी पडतात.”

“आईला विचारलं तरी का?”

“तिलाच तर विचारलं,” बाबा म्हणाले. आई ताट घेऊन आली. तिने बाबांना रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त वाढली, लोणी घातलं, आणि मला म्हणाली, “इंग्रजी आलं पाह्यजे पोरांले. तू का ओरडून राहिली?” मी म्हटलं, “मग तू काय करशील?” त्यावर ती म्हणाली, “शिलाई मशीन आहे.” मशीनवर तेव्हा टीव्ही ठेवलेला होता. ती त्या टीव्हीकडे जरा वेळ बघत राहिली, हा उचलून कुठे ठेवायचा याचा विचार करत असल्यासारखी. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त आहे, आणि आज मला बाबांची चूक नेमकी दिसते. त्यांचं गेज वाक्य कळलं की नाही एवढंच मोजत होतं. ते बरोबर आहे का, हे मोजणारं तिसरं टोक त्यांच्या कारखान्यात कधी लागलंच नव्हतं, कारण सुट्या भागाचा नकाशा वरून तयार होऊन यायचा आणि नकाशावर शंका घेणं एक्झामिनरचं काम नव्हतं. इथे नकाशाही आमचाच होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी फक्त ओरडत होते.

पुढच्या रविवारी विहारात सर्वसाधारण सभा. वंदना झाली, पांढऱ्या चादरींवर पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मुलं सगळीकडे. मसुदा वाचायला मला उभं केलं, कारण कॉलेजच्या नाटकात मी राणीचं काम केलं होतं आणि माझा आवाज मागे पोचतो असा लौकिक होता. मी राणीसारखी उभी राहिले, चार वाक्यं अशी वाचली की प्रत्येकाला टाळ्या पडल्या, कागदाची घडी घातली आणि बसायला निघाले.

“नंदा,” बाबा शांतपणे म्हणाले, “पाचवं राहिलं.”

सभेपुढे मी परत उभी राहिले आणि पाचवं वाक्य वाचलं. राणीच्या नव्हे, दासीच्या आवाजात. टाळ्या नाहीत. बायकांच्या बाजूला जरा कुजबुज झाली. गजभियेकाका लगेच उठले, आणि त्या दिवशी ते खरोखर चांगलं बोलले, हे मान्य करायला हवं. कचेरीत आपल्या उच्चारांवर लोक कसे हसायचे, ते त्यांनी सांगितलं. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, असं ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, “माझ्या नातीचंच सांगतो. आमची पिंकी, चार वर्षांची. आपल्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीत घातली तेव्हा मुकी होती, मुकी. आज संध्याकाळी मी कचेरीतून आलो की दारातच दिवसभराचं सगळं सांगते, प्रश्न विचारते, दूध का नासतं म्हणून विचारते. हा पाया आहे. हा पाया प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे.” आता पुरुषांच्या बाजूने टाळ्या पडल्या. आई मान खाली घालून मांडीवरच्या पदराची निरी सारखी करत होती.

बाबा म्हणाले, “मंजूर असेल त्यांनी हात वर करावा,” आणि पुरुषांच्या बाजूने हात मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बापटबाई म्हणाल्या, “अध्यक्ष, मुलं कोण सोडायला येतं शाळेत?”

“बहुतेक आयाच, मॅडम.”

“मग त्यांच्या हातांना काय झालंय? सामायिक ध्येय म्हणताय म्हणून विचारलं.”

बाबांनी घसा साफ केला. “मंजूर असेल त्या सगळ्यांनीच हात वर करावा. बायकांनीसुद्धा.”

यापुढचं मी जरा उलट्या क्रमाने सांगते, कारण मला ते तसंच सांगायला आवडतं. पाचवं वाक्य त्या दिवशी मागे घेतलं गेलं, म्हणून फलकावर चारच आहेत. बालवाडी दोन्ही शाळांत मराठीत ठेवायची आणि इंग्रजी पहिलीपासून नीट शिकवायचं, असं ठरलं. आईला संस्थेने बालशिक्षणाच्या वर्गाला पाठवलं. चाळिशीला टेकलेली आई वह्या घेऊन बसने जायची, गृहपाठ माझ्याकडून तपासून घ्यायची आणि मी चूक काढली की बाबांकडे दाद मागायची. त्यानंतर खूप वर्षं तिने दोन्हीकडच्या बालवाड्या सांभाळल्या. गजभियेकाका तिला ‘मॅडम’ म्हणायला लागले. तिला ते अजिबात आवडायचं नाही. पण हे सगळं घडवणारं वाक्य समितीच्या कुठल्याही कागदावर नव्हतं, त्याला कोणी गेज लावलं नव्हतं, आणि ते आजही फलकावर नाही.

झालं असं की, बाबांनी बायकांनाही हात वर करायला सांगितल्यावर उजवीकडे कोणीच हललं नाही. सगळ्या जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग त्या पांढऱ्या चादरीवरून पहिला हात वर गेला तो माझ्या आईचा. सरळ, कोपरात न वाकवता, मुलं वर्गात करतात तसा. तिला वाक्य समजलं होतं, आणि मुलांना इंग्रजी यायला हवं असं तिला खरंच वाटत होतं, म्हणून तिने हात वर केला. बाबांनी तो बघितला आणि त्यांची मोजणी थांबली. तेवढ्यात आईच्या शेजारी बसलेल्या, आयुष्यात कधी सभेत तोंड न उघडलेल्या गजभियेकाकूंनी दोन्ही हातांनी आईचा हात धरून खाली ओढला, आणि पुढच्या ओळीत बसलेल्या नवऱ्याचं भान अजिबात न राहून त्या मोठ्याने म्हणाल्या, “अहो बाई, हात खाली करा आधी, आमची पिंकी त्या नर्सरीत चार दिवस रडली, तेव्हापासून मी खडकीला भावाकडे जाते असं सांगून रोज तिला तुमच्याकडेच आणून बसवते ना, यांना तेवढं सांगायचं राहिलंय फक्त.”